चार जणांविरुद्ध एक्क्यांची जोडी

टेबलावर एकशे वीस दात होते: सत्तर पुढचे, तीस सुळे आणि वीस दाढा. काटेकोर बोलायचं तर एकशे एकोणीस दात आणि शर्टाचं एक बटण, कारण एक सुळा मागच्या खेपेला घरंगळून कपाटाखाली गेला तो गेलाच. सगळे दात नापास झालेले होते. कुणाच्या कडेला चीर, कुणाचा रंग चुकलेला, एक दाढ तर उजवीकडची की डावीकडची हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. पाच जणांत त्यांची सारखी वाटणी झाली. प्रत्येकाला चौदा पुढचे, सहा सुळे, चार दाढा. पुढच्या दाताची किंमत एक, सुळ्याची पाच, दाढेची दहा.

कवळ्या आणि कॅपा बनवणाऱ्या त्या कारखान्यात शनिवारी दुपारी काम संपलं की पोकर खेळायचा रिवाज होता. रिवाज मास्तरांनी पाडला. मास्तर म्हणजे दाताला रंग चढवणारे मुख्य कारागीर. एवढी वर्षं ते उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसले आणि गेल्या महिन्यात निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. त्यांची खुर्ची, त्यांचं टेबल आणि मुख्य म्हणजे त्यांची खिडकी मोकळी पडली.

खिडकी एकच होती. म्हणजे भिंतीत आणखी दोन होत्या, पण एकीला बाहेरून शेजारच्या इमारतीची भिंत चिकटलेली आणि दुसरीत पंखा बसवलेला. बाकी सगळा कारभार ट्यूबलाइटवर.

आजच्या डावावर ही खिडकी लागलेली होती. मालकीणबाईंना, म्हणजे सगळ्यांच्या मॅडमना, भांडणं अजिबात खपत नसत. "तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या होत्या. "सोमवारी मला एक नाव सांगा. एकच. आणि नंतर माझ्या केबिनमध्ये रडारड नको."

टेबलाच्या दाराकडच्या बाजूला बसलेल्या मुलीला सगळे दाढू म्हणत, कारण तीन वर्षं तिनं दाढाच केल्या होत्या. दाढ तोंडात मागे असते. तिचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी कुणी टॉर्च घेऊन बघायला जात नाही. पुढच्या दाताचं तसं नाही. माणूस हसला की आधी तोच दिसतो, आणि शेजारच्या खऱ्या दातापेक्षा तो जरा पिवळा निघाला की पेशंट, डॉक्टर आणि मॅडम या क्रमाने सगळे चिडतात. जायच्या आधी चार महिने मास्तरांनी दाढूच्या हातात पुढचे दात दिले होते. त्यांच्या खिडकीत, त्यांच्या शेजारी स्टूल टाकून तिनं अकरा केले. अकराही पास झाले.

मास्तर गेल्यावर मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "पुढचा दात आला की तूच कर. पण पहिलाच दात परत आला तर मी पुढचे सगळे बाहेर पाठवीन. तिकडे मोठी लॅब आहे, त्यांची तयारी आहे."

"मॅडम, मला उजेड लागेल. खिडकीतला."

"उजेड सगळ्यांनाच लागतो गं."

जेवायच्या वेळी तिनं तेच बाकीच्यांना सांगून पाहिलं, तर पॉलिश म्हणाला, "मग आम्ही काय घुबडं आहोत का?" आणि विषय हसण्यात गेला.

पॉलिश म्हणजे घासून चकाकी आणणारा. तिच्याच वयाचा, तोंडाचा पट्टा कायम सुरू. त्याला खिडकी हवी होती कारण तिथे मोबाइलला रेंज येते. भट्टी सांभाळणाऱ्या दादांना वारा हवा होता. प्लास्टरचे साचे ओतणारे काका सगळ्यांत वडीलधारे. त्यांना धुळीनं खोकला यायचा. आणि मेणाचं काम करणाऱ्या वहिनींचं टेबल भट्टीला लागून होतं, तिथे त्यांचं मेण दुपारपर्यंत लोण्यासारखं व्हायचं. कुणाचंच कारण खोटं नव्हतं, आणि दाढूला सगळ्यांत जास्त राग याचाच येत होता. एखादा जरी उगाच हट्ट करत असता तरी त्याच्याशी भांडता आलं असतं.

ठरलं ते असं: पाच वाजता ज्याच्याकडे दातांची बेरीज जास्त, त्याची खिडकी.

खेळ सोपा होता. प्रत्येकाने एक पुढचा दात मध्ये टाकायचा आणि दोन पानं घ्यायची. ती फक्त आपण बघायची. मग टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन पानं उघडायची, नंतर एक, नंतर आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर दात वाढवायचे, आणि वाढवलेल्याला तेवढे भरून बघायचं नाहीतर पॅक म्हणून उठायचं. शेवटी हातातली दोन आणि टेबलावरची पाच मिळून ज्याची पाच पानं भारी, त्याचे सगळे दात.

मास्तरांनी यात स्वतःचा एक नियम घातला होता: टेबलावरची पहिली तीन पानं बघितल्याशिवाय कुणी उठायचं नाही. "न बघता कुणी दात नापास करतं का?" असं ते म्हणत. त्यामुळे या टेबलावर दर डावाला पाचच्या पाच जण आत असत. नंतर हवं तर निघून जा, पण आधी तीन पानं बघून जा.

या नियमाचं काय होतं ते दाढूला नीट माहीत होतं. तिनं ते आठवडाभर मोबाइलवर हजारो डाव वाटून तपासलं होतं. हातात एक्क्यांची जोडी आली, म्हणजे यापेक्षा चांगली सुरुवात या खेळात नाही, आणि समोर एकच जण असला, तर शंभरातले पंचाऐंशी डाव आपले. समोर दोन असले तर त्र्याहत्तर. तीन असले तर चौसष्ट. चारही जण शेवटपर्यंत आत राहिले तर छप्पन्न. पानं तीच, एक्के तेच, फक्त माणसं वाढली की जवळजवळ नाणं उडवल्यासारखं होतं. प्रत्येक जण एकटा असता तर हरला असता, पण चौघांत मिळून कुणाचं ना कुणाचं काहीतरी जमतंच.

माहीत असणं वेगळं आणि ते सोसणं वेगळं, हे तिला दुसऱ्याच डावात कळलं.

पहिली दोन पानं उचलली तर इस्पिक एक्का आणि बदाम एक्का. तिनं तोंड दाढदुखी झाल्यासारखं ठेवलं आणि दोन पुढचे दात मध्ये सरकवले.

"दोन?" पॉलिश म्हणाला. "दाढू, दोनच? मला वाटलं पूर्ण कवळी लावतेस."

"भर नाहीतर ऊठ."

"उठायचं नसतं, मास्तरांचा नियम आहे." त्यानं दोन दात टाकले. दादांनी टाकले, काकांनी टाकले, वहिनींनी तर पानं न बघताच टाकले. "बघू की काय येतंय," त्या म्हणाल्या.

आलं ते असं: किलवर नव्वी, चौकट छक्की, बदाम दुर्री. एक्क्यांना धक्का लागेल असं दिसण्यासारखं काही नाही. तिनं एक सुळा टाकला. दादा आणि वहिनी उठले, पॉलिश आणि काका राहिले. चौथं पान इस्पिक राणी. तिनं दोन सुळे टाकले. पॉलिश गेला. पाचवं पान चौकट गुलाम.

काकांनी खोकत खोकत एक दाढ पुढे ढकलली.

दाढूनं त्यांच्याकडे बघितलं. काकांचा चेहरा त्यांच्याच साच्यासारखा, त्यावर काही उमटायचं नाही. तिनंही एक दाढ टाकली.

"नव्वी-छक्की," काका म्हणाले आणि पानं उलटी केली. दोन जोड्या. "आमच्या घराचा नंबर आहे, शहाण्णव. म्हटलं सोडू कशी?"

"काका, घराचा नंबर शहाण्णव आहे म्हणून तुम्ही..."

"अगं बाळ, दोनच तर दात होते. दोन दातांसाठी कोण घर सोडतं?"

पॉलिश दात काढून हसला. तिच्या एक्क्यांकडे बघून म्हणाला, "वा, काय देखणी जोडी! आणि पदरात काय, तर काकांचा पत्ता."

नंतरचे दोन डाव सत्ती-तिर्री, अठ्ठी-चव्वी असल्याच पानांचे आले. तिनं तीन पानं बघितली आणि उठली, दर वेळी एकेक दात देऊन. मग हातात राण्यांची जोडी आली, इस्पिक आणि किलवर. तिनं पुन्हा दोन पुढचे दात वाढवले. पुन्हा चौघांनी भरले. टेबलावर बदाम राजा, बदाम चव्वी, किलवर अठ्ठी. तिनं सुळा टाकला, फक्त दादा आले. चौथं चौकट दुर्री, कुणीच काही वाढवलं नाही. पाचवं बदाम दश्शी. दादांनी सुळा टाकला, तिनं चरफडत भरला, आणि दादांनी बदाम सत्ती आणि बदाम तिर्री दाखवली. पाच बदाम, कलर.

"सत्ती-तिर्री!" दाढू म्हणाली. "दादा, सत्ती-तिर्रीवर कुणी सुळा भरतं का?"

"दोन्ही बदाम होती की."

"बदाम होती तरी!"

"अगं, चिडतेस काय? मला तरी कुठे माहीत होतं येतील म्हणून? आली." दादांनी दात ओढून घेतले. त्यांच्या आवाजात अपराधाचा लवलेशही नव्हता. पाऊस पडला तर छत्रीवाल्याला काय वाटावं, तेवढंच त्यांना वाटत होतं.

मध्ये चहा झाला. दाढूनं मात्र कप हातात घेऊन आपले दात मोजले. तीन दाढा, एक सुळा, पाच पुढचे. चाळीस. सुरुवात चौऱ्याऐंशीनं झाली होती. वेळेच्या हिशेबानं अर्धा खेळ झाला होता आणि सगळ्यांत चांगली दोन पानं दोनदा तिच्याकडेच आली होती. पानं वाईट असती तर नशिबाला बोल लावता आला असता. इथे नशीब बिचारं तिच्या बाजूनं राबत होतं आणि ती हरत होती.

वहिनी शेजारी येऊन बसल्या. "चेहरा का असा गं? खेळच आहे."

"वहिनी, तुम्ही पानं न बघता दात टाकता."

"बघून तरी मला काय कळतंय? तुम्ही सगळे टाकता, मी टाकते. पंगतीतून मधेच उठल्यासारखं वाटतं नाहीतर." त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. हात मेणाचा, गुलाबी. "तुला ती खिडकी हवीय ना? जिंकशील, बघ."

"कशी जिंकू? सगळेच्या सगळे आत येता!"

हे बोलता बोलताच तिचं लक्ष समोरच्या दोन पुढच्या दातांकडे गेलं, आणि आपण काय करत होतो ते तिला एकदम दिसलं. चौघं येत होते ते नियमामुळे हे खरं, पण नियम पाळणं फुकटात पडत होतं ते तिच्यामुळे. दोनच दात! तीन वर्षं तिच्या हाताला एकच सवय लागली होती: यंत्र दाताला टेकवायचं आणि केसाएवढं घासायचं, बघायचं, पुन्हा केसाएवढं. घासलेलं परत लावता येत नाही. एका दमात जास्त काढलं की दात केराच्या डब्यात. तेच तिनं इथेही केलं होतं. हातात एक्के घेऊन केसाएवढं वाढवत बसली होती, आणि दोन दातांच्या तिकिटावर अख्खा कारखाना तमाशाला बोलावत होती. घरी मोबाइलवर आकडे काढताना हे तिच्या लक्षात आलं नाही, कारण मोबाइलवर घासावं लागत नाही.

तिला स्वतःचा इतका राग आला की चहा तसाच राहिला.

चहानंतर पॉलिशनं पानं पिसली आणि वाटली. तिनं आपली दोन पानं टेबलाच्या कडेला अंगठ्यानं जेमतेम उचलली. चौकट राजा. इस्पिक राजा.

राजांची जोडी. एकासमोर शंभरातले ब्याऐंशी डाव. चौघांसमोर निम्मे.

बोलायची पाळी पहिली तिचीच होती. हात सवयीनं पुढच्या दातांकडे गेला, दोन दात बोटांत आलेही. तिनं ते खाली ठेवले. मग तिन्ही दाढा एकदम उचलल्या आणि मध्ये ठेवल्या.

काकांचा खोकलासुद्धा थांबला.

"हे काय?" दादा म्हणाले.

"तीस."

"तीस कळतंय. पण तीन पानं उघडायच्या आधी?"

"वाढवायला बंदी कुठे आहे?"

"बंदी नाही," पॉलिश म्हणाला, "पण उठायलासुद्धा बंदी आहे. म्हणजे आता आम्ही प्रत्येकी तीन-तीन दाढा भरायच्याच? हा डाव नाही दाढू, दरोडा आहे. पाहुण्यांना घरात बोलवायचं आणि दारातच खिसे उलटे करायचे."

"मग ऊठ."

"उठू कसा? मास्तरांचा नियम!"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. त्यावरचं प्लास्टर काचेवर आणखी पसरलं. "मास्तर म्हणायचे तीन पानं बघितल्याशिवाय उठायचं नाही. पण मास्तरांच्या वेळी दोन दातांच्या वर कुणी कधी वाढवलंच नाही. तेव्हा नियम दोन दातांपुरता. त्याच्यावर ज्याची त्याची खुशी."

"हे तुम्ही आत्ता ठरवलंत," दादा म्हणाले.

"मग काय निवृत्त माणसाला फोन लावू?"

दाढू श्वास रोखून बसली होती. नियम मोडायला हवा, एवढंच तिला हवं होतं. तिनं मान खाली घालून ठेवली, न जाणो राजे चेहऱ्यावर दिसायचे.

पॉलिशनं पानं फेकली. "घे. तुझ्या तीन दाढा तूच चाव."

दादा बराच वेळ आपली पानं कुरवाळत राहिले. "चांगली होती गं," असं पुटपुटत त्यांनीही ती खाली टाकली.

काकांनी आपली दोन पानं सगळ्यांना दाखवून ठेवली. एक्का आणि चव्वी. "एक्का सोडतोय," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "या टेबलावर पहिल्यांदा मी न बघता एक्का सोडतोय. लक्षात ठेव."

तीन जण गेले. दाढूला आठवडाभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला. वहिनी तेवढ्या उरल्या होत्या आणि वहिनींच्या हातात काय असणार? वहिनी पॅक म्हणाल्या तर मधले पाच दात तिचे. थोडेच, पण आता रीत सापडली होती. समोर एकच जण ठेवून पाच वाजेपर्यंत दोन-तीन मोठे डाव जमले तरी पुरे होते.

वहिनींनी आपल्या दाढा मोजायला घेतल्या.

"वहिनी?"

"थांब गं, मोजतेय. एक, दोन... तीन." त्यांनी तिन्ही दाढा हळूच तिच्या दाढांशेजारी ठेवल्या, अगदी जबड्यात बसवाव्यात तशा ओळीत.

"वहिनी, तुम्ही उठू शकता. काकांनी सांगितलंय आत्ता."

"काकांनी सांगितलं. मास्तरांनी नाही. मास्तर गेले म्हणून नियमही लगेच गुंडाळायचा का?" आणि मग, अगदी मायेनं, "आणि सगळेच उठले तर तू एकटी कुणाशी खेळशील?"

पॉलिशनं टेबलावर डोकं ठेवलं. त्याचे खांदे हसण्यानं हलत होते.

पहिली तीन पानं: बदाम सत्ती, इस्पिक गुलाम, किलवर दुर्री.

निरुपद्रवी. तीन वेगळे रंग, एकमेकांच्या जवळपासही नसलेली पानं. दाढूनं उरलेला सुळा आणि चार पुढचे दात मध्ये लोटले. तिच्यासमोर आता लाकूड तेवढं राहिलं.

"एवढे सगळे?" वहिनी म्हणाल्या. "बरं. आता आलेच आहे तर." त्यांनीही नऊ दिले. त्यात ते बटणही होतं.

चौकट चव्वी. इस्पिक नव्वी.

दाढूनं राजे उघडे केले. दादांनी शीळ घातली. काका म्हणाले, "अच्छा, हे होते होय," आणि त्यांचं एक्क्याचं दुःख बरंच हलकं झालेलं दिसलं.

वहिनींनी आपली पानं उलटी केली आणि पॉलिशकडे वळून विचारलं, "हे काय धरतात रे? सत्ती आणि दुर्री आहे माझ्याकडे."

पॉलिशनं डोकं वर केलं. बघितलं. टेबलावरची सत्ती बघितली, दुर्री बघितली.

"दोन जोड्या, वहिनी."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही जिंकलात."

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

सत्ती-दुर्री. दोन पानांच्या सगळ्या शक्य जोड्यांत याहून वाईट सुरुवात क्वचितच. राजांच्या जोडीपुढे ती आठांतले सात डाव हरायची असते. दाढू त्या आठव्या डावाकडे बघावं तशी टेबलाकडे बघत राहिली. आपण चूक शोधली, ती सुधारली, बरोबर पानांवर बरोबर वेळी बरोबर वाढवलं, चारातले तीन घालवले, एकच उरवला. हवं होतं ते सगळं झालं होतं. तिला कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं आणि समोर होत्या वहिनी, डोळ्यांत पाणी आणून "अगं, मला मुळीच कळलं नाही, शप्पथ" म्हणणाऱ्या. वहिनींवर ओरडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

"बरोबर खेळलात," ती कशीबशी म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," पॉलिश म्हणाला. "वहिनी अत्यंत चुकीचं खेळल्या. आता मला सांगा, पुढे बरोबर खेळून मी काय मिळवणार?"

आणि खरंच त्यानं काही मिळवलं नाही. वहिनींचं नशीब त्या डावानंतर सुसाटच सुटलं. पाच वाजता काकांनी सगळ्यांचे दात मोजले. सोमवारी मॅडमना एक नाव सांगितलं गेलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मेणाला थंडावा मिळेल."

मेणाला थंडावा मिळालाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी खिडकी ओल्या फडक्यानं लख्ख पुसली, टेबलावर मेणाच्या गुलाबी चकत्यांच्या थप्प्या लावल्या, आणि दिवसातून दहा वेळा मागे वळून म्हणाल्या, "दाढू, तुला उजेड लागला की ये हं. लाजू नकोस. खिडकी आपली सगळ्यांची."

गुरुवारी पहिला पुढचा दात आला. वरचा, मधला, डावा. डॉक्टरांनी डबीत पेशंटचा साचा आणि शेड पाठवली होती: ए-टू. ए-वन सगळ्यांत पांढरी, मग टू, मग थ्री, आकडा वाढेल तसा दात गडद आणि पिवळा. टू आणि थ्रीमध्ये डोळ्याला जेमतेम कळेल एवढाच फरक असतो. ट्यूबलाइटखाली तो तेवढाही कळत नाही.

तिनं सिरॅमिकचा पहिला थर चढवला. दादांनी भट्टीतून काढून दिला. ती शेडची पट्टी आणि दात घेऊन खिडकीशी गेली.

"ये ये," वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून जागा केली. तेवढ्या जागेत तिची कोपरं मावेनात. उजेड मात्र खरा होता, उत्तरेचा, शांत, जसा मास्तरांच्या वेळी असायचा. तिनं दात पट्टीशेजारी धरला. मागे मेणाच्या चकत्या होत्या, गुलाबी, चार थप्प्या. दाताची कड गुलाबी दिसत होती, पट्टीचीही. गुलाबी शेजारी पांढऱ्याचा भरवसा धरता येत नाही. डोळा रंग एकेकटा बघत नाही, शेजाऱ्यासकट बघतो.

"वहिनी, ह्या थप्प्या जरा..."

"हो हो, काढते की." त्यांनी दोन उचलल्या, ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही, मांडीवर घेतल्या. "आता?"

"आता बरं," ती म्हणाली, कारण वहिनींच्या कामाचा खोळंबा झाला होता आणि त्या हसतमुखानं मांडीवर मेण घेऊन बसल्या होत्या. ती परत गेली, दुसरा थर चढवला, परत आली. पुन्हा थप्प्या, पुन्हा मांडी, पुन्हा "लाजू नकोस हं." तिसऱ्या वेळी वहिनी गरम मेण ओतत होत्या. ती मागे उभी राहून त्यांच्या खांद्यावरून हात लांब करून बघू लागली, तर तिच्याच हाताची सावली दातावर पडली. ओतणं संपेपर्यंत ऊन फिरलं आणि समोरच्या इमारतीची विटकरी भिंत उजळून खिडकीतला उजेडच तांबूस झाला.

"जमलं का गं?" वहिनींनी विचारलं.

"बघते."

तिनं दात ट्यूबखाली नेला, वरचा चकाकीचा थर दिला, पॉलिशनं तो एकही विनोद न करता घासून दिला. संध्याकाळी डबी डॉक्टरांकडे गेली.

शनिवारी जेवायच्या आधी मॅडमच्या केबिनमधला फोन वाजला. डॉक्टरांकडे दाताची शेड मोजायचं यंत्र होतं. ते दाताला टेकवायचं, आकडा पडद्यावर येतो. त्यांनी तीनदा मोजली होती.

मागितलेली शेड ए-टू. मोजलेली ए-थ्री, तिन्ही वेळा.